पडदा तयार होईपर्यंत

तुम्ही आज सकाळी भाजीला फोडणी दिलीत, ते तेल सोयाबीनमधून कशानं बाहेर काढलं होतं, हे कधी कुणाला विचारलंत का?

घाण्यानं, असं तुम्ही म्हणाल. पण सोयाबीनच्या दाण्यात तेल थोडं असतं आणि ते नुसतं दाबून नीट निघत नाही. म्हणून दाण्याचे पातळ पोहे करतात आणि त्यांच्यावर हेक्झेन नावाचा द्रव सोडतात. हा पेट्रोलच्या भावकीतला. तो तेल स्वतःत ओढून घेतो, मागं पेंड उरते. तेल आणि हेक्झेन यांचं जे पातळ पिवळं मिश्रण निघतं त्याला प्लांटमध्ये मिसेला म्हणतात. ते वाफेवर उकळायचं, हेक्झेन उडवायचं, थंड करून परत धरायचं आणि पुन्हा पोह्यांवर सोडायचं. तेल पुढं शुद्ध होऊन तुमच्या कढईत येतं. घाबरून डबा फेकू नका, मी तेलाबद्दल तक्रार करायला बसलेली नाही. मला सांगायचंय ते निसटलेल्या हेक्झेनबद्दल. सगळं परत धरलं जात नाही. थोडं पंपाच्या दांड्यापाशी जातं, थोडं पाइपाच्या जोडापाशी, थोडं झाकणाच्या कडेनं. आणि जिथं ते निसटतं तिथं कुणीतरी उभं असतं. आमच्या घरातला माझा मामा तिथं उभा होता.

मी परभणीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत पीएच.डी. करते. हे मिश्रण न उकळता वेगळं करणारा पॉलिमरचा पडदा तयार करणं हे माझं काम. तेलाचा रेणू मोठा, हेक्झेनचा लहान. मधे पुरेशा बारीक छिद्रांचा पडदा धरला आणि मागून दाब दिला, की लहान रेणू पलीकडे जातील आणि मोठे अलीकडे राहतील. उकळणं कमी झालं की गरम वाफेच्या गळत्याही कमी. कागदावर हे इतकं सोपं दिसतं की शाळेतल्या पोरालाही पटतं. अडचण अशी की पुष्कळसं प्लास्टिक अशा द्रवांत फुगतं, मऊ पडतं, नाहीतर विरघळून जातं. चाळणीच वितळली तर चाळायचं कशानं?

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणतो, जिंतूरला शाळेत कारकून आहेत. शाळा सुटली की ते आणि त्यांचं मंडळ पत्रकं काढतं. पाण्याच्या टँकरवर, बसच्या बंद झालेल्या फेऱ्यांवर, बोगस बियाण्यावर, अंगात आणणाऱ्या बुवांवर. गुलाबी, पिवळा, पोपटी, हाताला येईल तो कागद. मी अक्षरं त्याच कागदांवर शिकले. 'निषेध' मला माझ्या स्वतःच्या नावाआधी लिहिता यायचा. संध्याकाळी जमिनीवर बसून आम्ही घड्या घालायचो आणि आण्णा सांगायचे, पहिली ओळ वाचणाऱ्याला प्रश्न विचारणारी पाहिजे आणि शेवटच्या ओळीत त्याला काम दिलेलं पाहिजे. काम न देता सोडला तर तो पत्रकात भजी बांधून नेतो. काम दिलं तरी भजी बांधून नेतात, हे मी जिंतूरच्या बाजारात डोळ्यांनी पाहिलंय, पण आण्णांना ते कधी सांगितलं नाही. आणखी एक नियम होता. छापलं ते छापलं. मंडळ पत्रक मागे घेत नाही.

मामा आईचा धाकटा भाऊ. घर गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या बाजूला, आणि नोकरी जिल्ह्यातल्याच एका सॉल्व्हंट प्लांटमध्ये, म्हणजे असं तेल काढणाऱ्या कारखान्यात, पंपांवर. कामाचा त्याला अभिमान. लहानपणी आम्हाला सांगायचा, शिफ्ट संपली की मगभर हेक्झेन घ्यायचं आणि हातपाय धुवायचे. "ग्रीस म्हणू नको, काळं म्हणू नको, एका दमात साफ. साबण काय करतोय त्याच्याम्होरं!" नळाच्या शेजारी त्यासाठी एक प्लास्टिकचा मग कायमचा टांगलेला असे. सगळेच धुवायचे. नवा माणूस कामाला लागला की त्याला आधी मग दाखवायचे आणि मग पंप.

एकदा आई आणि मामा मला भेटायला परभणीला आले. मी बसस्टँडवर उभी होते. मामा बसमधून उतरला आणि सरळ रसवंतीकडे चालायला लागला. मागून कंडक्टर ओरडला, "ओ पाव्हणं! एक चप्पल पायरीवरच ठिवून चालले का? परत यायचंय का याच गाडीनं?"

स्टँडवरचे लोक हसले. मामा थांबला आणि खाली बघितलं. एका पायात चप्पल होती, दुसरा पाय उन्हानं तापलेल्या डांबरावर अनवाणी होता. तो त्या पायाकडे असा बघत होता जणू तो दुसऱ्याच कुणाचा. मग तोही हसला. "पट्टा तुटलाय तिचा."

मी चप्पल आणायला गेले. पट्टा तुटलेला नव्हता.

"तुह्या पायाला काय झालंय रे?" आईनं विचारलं.

"काय न्हाई गं अक्का. मुंग्या येतेत. उभं ऱ्हाऊन ऱ्हाऊन. वय व्हायलंय."

"माह्यापेक्षा ल्हान हायेस तू, आन् तुहं वय व्हायलंय?"

आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. काय काम करता, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाला, "कंपनीत हाय." साखर तपासली, साखर नव्हती. गोळ्या दिल्या. माझ्या डोक्यात किडा शिरला तो त्यानंतर. ज्या द्रवाच्या बाटल्या मी रोज हाताळत होते, त्याच्याबद्दल मी फक्त पडद्याच्या अंगानं वाचलं होतं. माणसाच्या अंगानं वाचायला बसले तेव्हा पहिल्याच पानावर मामा सापडला. आधी बोटं बधिर, मग तळपाय, मग पाय उचलताना जड. आम्ही पुन्हा गेलो आणि या वेळी मी 'हेक्झेन' हा शब्द उच्चारला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, पहिलं औषध म्हणजे त्या हवेतून बाहेर पडणं. नसा भरून येतात, पण सावकाश, आणि हवा सुटल्याशिवाय नाहीच.

"हवा सोडायची म्हंजे काम सोडायचं," मामा बाहेर आल्यावर म्हणाला. "ते न्हाई व्हायचं. दुसरं सांग."

दुसरं त्यानं स्वतःच केलं. पंपाच्या दांड्याभोवती जी डोरी भरतात ती झिजली की गळती सुरू होते. डोरी बदला, पंखा बसवा, वर्षातून एकदा नसांची तपासणी करा, पाळीपाळीनं माणसं पंपांवरून हलवा, असं चारचौघांनी मिळून मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर म्हणाला, हंगाम सुरू व्हायच्या आत करून घेऊ. मामा खूश झाला. मला मात्र बसवेना. हंगामाला अवकाश होता, आणि मामाला मोटरसायकलच्या ब्रेकवर पाय आहे की नाही हे खाली वाकून बघावं लागत होतं.

मी प्रयोगशाळेत जास्त वेळ थांबायला लागले. तिथलं काम बाहेरून पाहणाऱ्याला धिरडी घालण्यासारखं वाटेल. पॉलिमरची पिवळसर भुकटी एका जहाल द्रवात विरघळवून मधासारखं दाट मिश्रण करायचं, ते काचेवर ओतायचं आणि खाली अगदी बारीक फट असलेली लोखंडी पट्टी त्याच्यावरून एका वेगानं ओढायची. मग काच पाण्यात बुडवायची. पाणी लागताच तो पारदर्शक थर डोळ्यांदेखत दुधासारखा पांढरा होतो आणि काचेपासून सुटून तरंगायला लागतो. तेवढ्या वेळात त्याला छिद्रं पडलेली असतात. पण ज्या द्रवात विरघळवून तो केला, त्यात परत टाकला तर तो जाईल विरघळून. म्हणून पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी बांधाव्या लागतात, वाकळ शिवतात तशा. टाके कमी पडले की पडदा फुगतो. जास्त झाले की कडक होतो आणि दाबाखाली तडकतो.

मे महिन्यात मॅडमनी, म्हणजे माझ्या गाइडनी, माझी दया येऊन खोलीत कूलर लावू दिला. त्या आठवड्यातले सगळे पडदे वाया गेले. कूलरची ओली हवा काच पाण्यात जायच्या आधीच थराला पाणी पाजत होती. कूलर बंद केला. मग कपाळाचा घाम काचेवर पडू नये म्हणून मी डोक्याला रुमाल गच्च बांधून पट्टी ओढायचे.

"तू पडदा करायलीस का कुस्तीला निघालीस?" मॅडम दारातून विचारायच्या. मॅडम गंगाखेडच्या, बोलायला मोकळ्या आणि कामात कडक. माझी घाई त्यांना खपत नसे. एकदा मी टेबलावर हात आपटून म्हणाले की हे आता झालंच पाहिजे, तेव्हा त्या म्हणाल्या, "रेणूला तुझ्या घोषणा ऐकू येत नाहीत. पट्टी सरळ ओढ."

आमच्याकडे मोजमापाची यंत्रं आहेत, पण पहिली परीक्षा मी कागदावर घेते. पडद्यातून पलीकडे आलेला थेंब कागदावर टाकायचा. हेक्झेन बघता बघता उडून जातं. सोबत तेल आलं असेल तर मागं पारदर्शक डाग राहतो, भज्याच्या कागदावर राहतो तसा. कागद म्हणून मी आण्णांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठी वापरायचे. एका बाजूला 'जाहीर निषेध' आणि दुसऱ्या बाजूला माझे डाग. असे गठ्ठे साठले.

मग एका दुपारी थेंब उडाला आणि कागद कोरा राहिला. मी दुसरा थेंब टाकला. तिसरा टाकला. कागद उजेडात धरून, तिरपा करून, पालथा करून बघितला. मॅडमनी यंत्रावर तपासलं आणि म्हणाल्या, "चांगलं आलंय. पण हे दुकानातलं शुद्ध तेल आणि बाटलीतलं स्वच्छ हेक्झेन. आता हाच पडदा दाबाखाली महिनोन्महिने टिकला पाहिजे, आणि प्लांटमधला खरा मिसेला याच्यातून गेला पाहिजे. तोवर कुठं बोलायचं नाही."

मी व्हरांड्यात जाऊन आण्णांना फोन केला. बापाला सांगणं म्हणजे बोलणं असं मला वाटलं नव्हतं.

"आण्णा, डाग पडला नाही."

"म्हंजे झालं का?"

"पहिली पायरी झाली."

आण्णांनी त्यातलं 'झाली' तेवढं ऐकलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी जिंतुरात गुलाबी पत्रक निघालं. 'आता उकळायचं कशाला? जिल्ह्याच्या लेकीनं बनवला पडदा, कामगारांचा श्वास होणार मोकळा!' मंडळाची रीतच होती की कामगारांचं पत्रक कामगाराच्या हातात, शिफ्ट बदलताना, गेटवरच द्यायचं. आण्णा एसटीनं प्लांटच्या गेटपर्यंत गेले आणि प्रत्येकाच्या हातात एक दिलं. शेवटच्या ओळीत काम होतंच. 'हे पत्रक आपल्या मॅनेजरला दाखवा!'

पत्रकावर माझा फोन नंबरही होता. एका डेअरीवाल्याचा फोन आला. "ताई, तुमच्या पडद्यानं दुधातलं पाणी येगळं व्हतंय का?"

"होईल कदाचित. पण पाणी घातलं कुणी?"

त्यानं फोन ठेवला. मी दिवसभर हसत होते आणि आण्णांवर चिडतही होते, आणि खरं सांगायचं तर गुलाबी कागदावर 'जिल्ह्याची लेक' वाचून छाती थोडी फुगलीही होती.

रविवारी मामा पेरूची पिशवी घेऊन माझ्या खोलीवर आला. आल्या आल्या म्हणाला, "तुहं पत्रक बोर्डावर लागलंय! सायबानं सोताच्या हातानं लावलं."

"कुणी दाखवलं त्यांना?"

"समद्यांनीच. तसं लिव्हलंच व्हतं ना खाली."

"मग डोरी बदलली?"

"आता कामून बदलतेत? सायेब म्हणले, नवी पद्धत यायलीय, तुमच्याच भाचीची. जुन्या पंपावर कामून हात फिरवीत बसायचं?"

"आणि पंखा?"

"पंखा बी नव्यासंगंच."

"मामा, तुम्ही काय म्हणालात मग?"

त्यानं पेरू पुसून माझ्या हातात दिला. "मी म्हणलो, माही भाची हाय. लवकर करंल."

मला तो पेरू खाता आला नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या, पण वेळ घालवला नाही. त्यांनी मॅनेजरला फोन लावला आणि खऱ्या मिसेलाचा नमुना मागितला. तो आनंदानं तयार झाला. आम्ही प्लांटवर गेलो तेव्हा चहा आला, बिस्किटं आली. मॅनेजर तरुण होता, बोलायला गोड होता, आणि मला वाटतं मनानंही वाईट नव्हता. त्याच्या केबिनबाहेर बोर्डावर गुलाबी पत्रक चारही कोपऱ्यांना टाचण्या मारून लावलेलं होतं. आत पंपांपाशी गोडसर, पेट्रोलसारखा वास भरला होता. पंपाच्या दांड्याखाली थेंब पडत होते, आणि ते वाया जाऊ नयेत म्हणून तिथं एक डबा ठेवलेला होता. नळापाशी मग टांगलेला होता.

"साहेब, ती डोरी तेवढी बदलून घ्या," मी म्हणाले.

"अहो ताई, सगळंच बदलायला तर तुम्ही निघालात!" तो हसला. "मग आम्ही मधेच कशाला दोनदा काम काढायचं?"

खरा मिसेला आमच्या शुद्ध मिश्रणासारखा नव्हता. त्यात दाण्यातला चिकट गोंद होता, तेलातली आम्लं होती, बारीक गाळ होता. पडदा सुरुवातीला चांगला चालला. मग थेंब पडायला उशीर व्हायला लागला. मग फारच उशीर. उघडून बघितलं तर पडद्यावर तपकिरी साय धरलेली. धुतली, पुन्हा लावला. आता थेंब भराभर पडायला लागले आणि मला कळलं की हे भराभर पडणं चांगलं नाही. कागदावर टाकला. हेक्झेन उडालं आणि पत्रकाच्या पाठीवर मोठा, गोल, पारदर्शक डाग राहिला. त्यातून पलीकडची अक्षरं उलटी दिसत होती. मी टाके वाढवून दुसरा पडदा केला. तो दाबाखाली तडकला, तो आवाज मला ऐकू आला.

"किती दिवस लागतील, मॅडम?"

"विचारू नकोस."

"वर्षं?"

"विचारू नकोस म्हटलं ना. हे काम असंच असतं."

मी मॅनेजरला फोन केला. पडदा तयार नाही, केव्हा होईल सांगता येत नाही, असं स्पष्ट सांगितलं. मला वाटलं तो निराश होईल, आणि मग तरी डोरी बदलेल. तो म्हणाला, "काही घाई नाही ताई. आम्ही थांबू."

फोन बंद झाल्यावरही मी तो कानाला धरून उभी होते. थांबणं त्याला सोयीचं होतं. माझा पडदा झाला असता तर त्याला काहीतरी करावं लागलं असतं. होणारच नाही असं म्हटलं असतं, तरी करावं लागलं असतं. होतोय, होतोय, यातच त्याचं बरं होतं, आणि माझ्या होतोय-होतोयचं भाडं मामाचे पाय भरत होते.

मी त्याच दुपारी जिंतूरची बस धरली. आण्णा ओट्यावर पेपर वाचत होते.

"आण्णा, दुसरं पत्रक काढायचं. पहिलं चुकलं होतं म्हणून."

"चुकलं काय त्यात? तू केला न्हाईस का पडदा?"

"केला. टिकला नाही."

"टिकंल की. पत्रक म्हंजे लोकांची उमेद असती."

"ती उमेद बोर्डावर लागलीय आण्णा. टाचण्या मारून. तिच्या आडून पंप गळायलाय."

आण्णांनी पेपरची घडी घातली. "मंडळानं आजवर एक बी पत्रक मागं घेतलं न्हाई. मोठमोठ्या सायबांनी दम दिला तरी घेतलं न्हाई."

"कारण ते खरं होतं!"

"मला शिकवायलीस?"

"तुम्हीच शिकवलंय."

आतून आईचा आवाज आला. ती चहा गाळत होती, बाहेर आली नाही. "तुमा बापलेकीच्या कागदापायी माहा भाऊ लंगडा व्हायलाय. छापायचं तर छापा. न्हाई तर दोघं जाऊन त्याच्या जागी उभं ऱ्हावा."

आण्णा उठले, चपला घातल्या आणि चहा न घेता निघून गेले. आईनं तीन कप भरले होते. आम्ही दोघींनी दोन घेतले आणि तिसरा झाकून ठेवला. परत आले तेव्हा त्यांच्या काखेत पिवळ्या कागदाचा गठ्ठा होता. तो माझ्यासमोर ठेवून ते म्हणाले, "तू लिव्ह. पहिली वळ प्रश्न पायजे."

"माहीत आहे," मी म्हणाले. त्यांनी गार चहा एका घोटात पिऊन टाकला.

मी लिहिलं: 'तुमच्या पायाचा अंगठा अजून तुमचा आहे का?' खाली लिहिलं की पडदा तयार नाही, हे तो करणारी स्वतः सांगते आहे. त्याची वाट बघू नका. डोरी बदलणं, पंखा लावणं, हेक्झेननं हातपाय धुणं बंद करणं, नसांची तपासणी करणं, यातल्या एकाही गोष्टीला माझा पडदा लागत नाही. आणि शेवटी काम दिलं. डोळे मिटा, आणि शेजारच्याला या कागदाचं टोक तुमच्या अंगठ्याला लावायला सांगा.

आम्ही दोघं गेटवर गेलो. आण्णांच्या एका हातात पिवळा गठ्ठा होता आणि खांद्याला रिकामी पिशवी. शिफ्ट सुटली. आण्णा प्रत्येकाला म्हणत होते, "मागचं चुकलं व्हतं. ते असंल तर द्या, हे घ्या." सभेत माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा हा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज दोन हातांवर ऐकू येत नव्हता.

"आण्णा, म्होरल्या बाजारी हे बी मागं घेताल काय?" एकानं टोमणा मारला.

"चुकलं तर घेईन," आण्णा म्हणाले.

गेटसमोर कडुनिंबाखाली माणसं बसली. चपला-बूट निघाले. सुरुवातीला सगळी थट्टाच चालली होती.

"आरं हळू, गुदगुल्या करायलास!"

"ज्याला गुदगुल्या व्हतेत त्यानं आज पेढे वाटा रे!"

एक जण पायाचा वास घेऊन पळाल्याचं सोंग करत होता. मामा कट्ट्याच्या कडेला बसला, पाय पुढं केले आणि डोळे मिटले. मी खाली गुडघ्यावर बसले. कागदाचं टोक त्याच्या अंगठ्याला लावलं. मग थोडं दाबलं.

"लाव की," मामा म्हणाला.

मी टोक तळव्यावरून ओढत टाचेपर्यंत नेलं आणि पुन्हा अंगठ्याला टेकवलं.

"लाव ना गं. डोळे दुखायलेत मिटून."

आजूबाजूचं हसणं थांबलं होतं. शेजारचा माणूस हळूच म्हणाला, "लावलंय, बाप्पा. कवाचं लावलंय."

मामानं डोळे उघडले. अंगठ्याला टेकलेलं पिवळं टोक बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"तुहा पडदा कवा व्हायचा गं?"

"माहीत नाही मामा."

"मला तरी खरं सांग."

"खरंच माहीत नाही."

त्यानं चप्पल ओढून घेतली आणि बघत बघत, हातानं धरून पायात सरकवली. उभा राहिला. बाकीच्यांना म्हणाला, "चला आतमधी." बाहेर पडणारे थांबले होते, आत जाणारेही थांबले होते. सगळे मिळून केबिनकडे गेले. कुणी घोषणा दिली नाही. आण्णा आणि मी गेटबाहेर राहिलो. आण्णांची पिशवी गुलाबी कागदांनी अर्धी भरली होती.

डोरी बदलली. पंखा बसला, आणि चालतो बहुतेक वेळा. नळाशेजारचा तो प्लास्टिकचा मगही गेला. मधेच परत येतो असं ऐकते, तेव्हा कुणीतरी तो पुन्हा फेकतं. मामाला काट्यावर वजनाच्या कामाला लावलं, तिथं हवा मोकळी आहे. तपासणीचं अजून 'बघू' चालू आहे, आणि ते 'बघू' ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मामाच्या तळपायांची हल्ली आग होते. ही नसा भरून येण्याची खूण आहे का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणतात, धीर धरा, सावकाश कळेल. धीर धरायला मला कुणी शिकवलं नाही. मामा आता पडद्याचं विचारत नाही. मीच सांगते. रोज कपाळाला रुमाल बांधते, पट्टी ओढते, काच पाण्यात सोडते, थेंब कागदावर टाकते. कागद आता गुलाबी असतो, आण्णांच्या पिशवीतला. डाग कधी लहान असतो, कधी मोठा. पडदा होईल. तो झाला की मी सांगेन, झाल्यावरच सांगेन.

तोवर तुम्हाला काम देते. तुमच्या घरातलं, शेजारचं, ओळखीचं कुणी सॉल्व्हंट प्लांटमध्ये असेल, चपलांचा डिंक लावत असेल, रंगाच्या किंवा छपाईच्या द्रवात हात घालत असेल, तर आज त्याला तुमच्यासमोर बसवा. डोळे मिटायला सांगा आणि कागदाचं टोक, काही न बोलता, त्याच्या अंगठ्याला लावा. तो "लाव की" म्हणाला, तर उद्याच डॉक्टरकडे घेऊन जा. आणि डॉक्टरांनी काम विचारलं की "कंपनीत हाय" एवढ्यावर त्याला थांबू देऊ नका. तो कोणत्या द्रवापाशी उभा राहतो, त्याचं नाव तुम्ही सांगा.